चौथी टाप

३ मार्च, सोमवार

ही वही मुळात नालांची. कुठल्या घोड्याला कधी नाल मारले, खूर किती कापला, एवढंच लिहायची पलटणीतली सवय. नोकरी संपली, बायको गेली, सवय तेवढी राहिली. आता नव्या जागी आलोय, तर घोड्यांच्या जोडीला माणसांबद्दलही चार ओळी लिहीन म्हणतो. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही.

जावयाने बोलावलं म्हणून आलो. तो इथे चाबूकस्वार आहे, घोड्यांना फिरवून चालीवर आणणारा. त्याच्या शब्दाशिवाय तबेल्यात कोणी कडबाही हलवत नाही. आधीचा नालबंद जबडा फुटून घरी गेला. सब्ज्याने लाथ मारली म्हणे. सब्जा म्हणजे इथला मुख्य नर घोडा, राखाडी रंगाचा, छातीने रुंद.

दार मुलीने उघडलं. दोन वर्षांनी भेट. "कशाला आलात बाबा?" म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, प्रवास झेपला का?" वाळली आहे. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता. तबेल्याशेजारी घर, माशा फार, म्हणून असेल.

दुपारी सब्ज्याचा पुढचा पाय उचलायला वाकलो तर त्याने दंडाचा लचका तोडला. सदऱ्यासकट कातडं गेलं. जावयाने फावडं उचललं आणि त्याच्या दांड्याने घोड्याच्या डोक्यावर, दोन कानांच्या मध्ये, अकरा फटके घातले. मोजायची सवय आहे म्हणून मोजले. घोडा ओरडला नाही. एवढा मार खाऊन न ओरडणारा घोडा एक तर मूर्ख असतो, नाही तर सरावलेला. मी तसं म्हणालो. जावई म्हणाला, "मूर्ख आहे."

दंडाला चार टाके.

५ मार्च, बुधवार

आज मालकांशी बोलणं झालं. ऐंशीच्या पुढचे, दोन्ही डोळे गेलेले. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि घोडे ऐकतात.

"नालबंद, मोजा," म्हणाले. समोरून जावई घोडी नेत होता. "एक, दोन, तीन, चार. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चारही सुट्या पडतात की नाही? दुडकीत दोन-दोन पाय जोडीने पडतात, घोडा हवेत उडतो, बसणाऱ्याच्या कमरेची वाट लागते. आमचा घोडा हवेत जातच नाही. एक तरी पाय कायम जमिनीवर."

या जातीला समचाली म्हणतात. आखूड पाठ, उतरता पुठ्ठा, आणि खुराच्या वर जिथे पाय बारीक होतो तो भाग, आम्ही त्याला घोड्याचं मनगट म्हणतो, तो लांब आणि लवचिक. पलटणीत तीस वर्षांत असा पाय पाहिला नव्हता.

जातीची सुरुवात मालकांच्या आजीपासून. आजी सुईण. डोंगरात गाडीरस्ता नव्हता. अडलेली बाई खालच्या दवाखान्यात न्यायची तर चार तासांची उतरण, आणि साध्या घोड्यावर हिसके बसून वाटेतच जीव जायचा. आजीकडे एक बुटकी घोडी होती. तिच्या पाठीवर बसलेल्या बाईला पाळण्यात असल्यासारखं वाटे. आजीने त्या घोडीची पिल्लं ठेवली ती फक्त चाल घेऊन आलेली. बाकीची लोकांना देऊन टाकली.

"आजीकडे चाबूक नव्हता," मालक म्हणाले. "लागलाच नाही. ही चाल शिकवावी लागत नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू आईच्या मागे तसंच चालायला लागतं."

आता एकोणीस जनावरं उरली आहेत. १२ एप्रिलला तिघांची समिती येणार. समचाली ही वेगळी जात म्हणून नोंदवायची की नाही, ते ठरवणार. नोंद झाली नाही तर हे घोडे-घोड्या इतरांत मिसळतील आणि एका पिढीत संपतील.

उठता उठता मालक म्हणाले, "सब्ज्याची चौथी टाप उशिरा पडते. पुढचा उजवा. बघाल?"

जावई जवळच होता. "तिथे मैदान जरा खाली गेलंय, मालक."

मैदान सपाट आहे. मी बोललो नाही. आल्या आल्या जावयाला खोटं पाडून कुठे जायचं?

९ मार्च, रविवार

जावयाला समितीसाठी जड नाल हवेत, नेहमीच्या तिप्पट वजनाचे. म्हणाला, "प्रदर्शनात बघता ना? गुडघा छातीला लागला की टाळ्या पडतात. म्हाताऱ्याला चार टापा ऐकायच्यात, पण समितीला डोळे आहेत. पाय वर दिसला पाहिजे." मी घडवले. सात घोड्यांचे चौदा. कानशीने कडा अशा गुळगुळीत केल्या की बोट फिरवत बसावंसं वाटे. हात अजून गेलेला नाही माझा.

पुढच्या पायांना सगळ्यांच्याच पट्ट्या बांधलेल्या. नाकात झोंबेल असा वास येतो. "माशांचं औषध," जावई म्हणाला.

गाभण कुमैत, म्हणजे तांबूस रंगाच्या, घोडीचा पाय हातात घेतला तर ती मागच्या पायांवर बसलीच, कुत्रं बसतं तशी. अंगभर घाम. जावयाने तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळला. रक्त टपटपायला लागलं तेव्हा उठली. मग तिच्या बरगडीत बुटाने तीन लाथा. मी म्हटलं, "गाभण आहे हो." तो म्हणाला, "म्हणून तीनच."

हात कडक आहे त्याचा. पण एकोणीस जनावरं सांभाळायची तर मऊ हात काय कामाचा? पलटणीत आम्हीही काही अंगाई गात नव्हतो.

१४ मार्च, शुक्रवार

मुलीच्या डाव्या हाताला फडकं. किटली सांडली म्हणाली. मी माझा खुरांच्या मलमाचा डबा आणून दिला. "लाव हे, चार दिवसांत चौखूर उधळशील." हसली नाही. पूर्वी माझ्या विनोदांवर तिची आई हसायची नाही, आता ही.

मालकांच्या वंशावळीच्या वह्या तीच लिहिते. ते सांगतात, ही टिपते. प्रत्येक घोडीचं नातं मागे मागे नेत त्या पहिल्या बुटक्या घोडीपर्यंत. अक्षर सुंदर, आईचं आहे. तिला विचारलं, घोड्यावर बसतेस का कधी? म्हणाली, लग्नाआधी बसायचे.

जेवताना मीठ जास्त झालं होतं. जावयाने ताट भिंतीवर मारलं. मग तिच्या केसांना धरून तिचं तोंड भिंतीवरून ओघळणाऱ्या कालवणाला लावलं. "चव घे." मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सासरेबुवा, तुमच्याकडे शिकली नाही वाटतं स्वयंपाक."

मी मधे पडलो नाही. नवरा-बायकोत सासऱ्याने पडू नये. तरुणपणी मीही तापट होतो. तिच्या आईवर दोन-चार वेळा हात उचलला असेल. दोन-चारपेक्षा जास्तच. ते मोजलेले नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

जावई आज बाहेरगावी गेला होता. मी सब्ज्याच्या पट्ट्या सोडल्या.

पट्टी मांसात रुतली होती. पाण्याने भिजवत भिजवत सोडवावी लागली. शेवटचा वेढा निघाला तो कातडं घेऊनच. मनगटाभोवती बांगडीसारखी उघडी जखम, पू, आणि खाली जुने वण एकावर एक, झाडाच्या खोडावर असतात तसे. बोट नुसतं जवळ नेलं तर अख्खा घोडा थरथरायला लागला. माशांचं औषध कसलं, जाळणारं काहीतरी चोळून वरून साखळी बांधायची आणि पळवायचं. पाय टेकला की आग, म्हणून तो वर फेकायचा. आणि त्याच पायांत मी तिप्पट वजनाचे नाल ठोकलेत.

सातही तपासले. सातही तसेच.

सातव्याच्या वेळी जावई मागे उभा होता. कधी आला कळलं नाही.

"सोडलंत का सगळं? बरं केलंत. आता पुन्हा बांधायला हात लावा."

मी म्हटलं, "याला चाल म्हणत नाहीत. हे विव्हळणं आहे."

"दुखल्याशिवाय कोण पाय उचलतं, सासरेबुवा? माणूस तरी उचलतो का?" त्याने सब्ज्याच्या उघड्या जखमेवर बुटाची टाच ठेवली आणि भार दिला. घोड्याचे डोळे पांढरे झाले. "हे असं. लगेच कळतं त्याला." मग टाच काढून माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "तुमची मुलगी या घरात आहे. ती सुखात राहावी असं वाटतं ना तुम्हाला?"

पट्ट्या बांधायला मी हात लावला.

२२ मार्च, शनिवार

अकरा नाल. लिहिण्यासारखं काही नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी नऊला कुमैत घोडी व्यायली. शिंगरू मादी, काळपट, कपाळावर ठिपका. मुलगी हातभर आत हात घालून होती. पाय अडकला होता, तिने वळवला. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, मालकांच्या आजीच्या वहीत लिहिलंय. कोपरापर्यंत रक्त, बाह्या वर सारलेल्या. दंडावर निळे-पिवळे डाग दिसले. घोडी लाथा झाडत होती, त्यातलीच एखादी लागली असणार. पण पिवळे डाग आठवड्याचे तरी असतात. कोण जाणे.

३० मार्च, रविवार

मालकांना हाताला धरून कुंपणाशी आणलं. घोडी पुढे, शिंगरू मागे. लांबच लांब पाय, डगमगत, आणि एकदम ते पाय सुटे पडायला लागले. एक, दोन, तीन, चार. कोणी शिकवलं नाही, कोणी हात लावला नाही. मालकांनी बोटांनी कुंपणावर ताल धरला आणि त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी हसली. मोठ्याने. मला तो आवाज ओळखायला क्षणभर लागला.

जावई तबेल्याच्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "पाय जरा आळशी उचलते. लवकर सुरू करायला हवं."

२ एप्रिल, बुधवार

सगळं लिहितो. 

जावई साखळीचे दोन बारीक वेढे घेऊन शिंगराच्या ठाणात गेला. पाच दिवसांचं जनावर. मला म्हणाला, घोडीला धरा. मी धरलं. शिंगराला त्याने खाली पाडलं, मानेवर गुडघा दिला. ते किंचाळलं.

घोडीने माझ्या हातातून दोर ओढला तेव्हा तळव्याची सालं निघाली. तिने जावयाला खांद्यात धरून उचललं, खरंच उचललं, आणि भिंतीवर आपटलं. तो उठला तो हातात दाराची लोखंडी सळई घेऊन. पहिला घाव तिच्या नाकावर, दुसरा डाव्या डोळ्यावर. डोळा फुटला. तरी ती शिंगरावर पाय फाकून उभीच. तो मारत राहिला, मानेवर, गुडघ्यांवर. मी दोर पुन्हा पकडला होता. का पकडला होता? घोडी मागे सरू शकत नव्हती ती माझ्यामुळे. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मुलगी धावत आली आणि मधे उभी राहिली, दोन्ही हात वर करून. त्याने थांबवली नाही सळई. तिच्या उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी आणखी एक घाव बसला, तिच्या पाठीवर. मग सळई टाकून तो खांदा धुवायला गेला.

डॉक्टरकडे मी नेलं. तिने सांगितलं, घोडीने चिरडलं. डॉक्टरने फोटो काढला, पंधरा मिनिटं बघत बसला आणि मला बाहेर बोलावलं. "हाच हात पूर्वी दोनदा मोडलाय. दोन बरगड्या जुन्या, वाकड्या जुळलेल्या. तुम्ही वडील ना? तुम्हाला माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. हाडं ठिसूळ असावीत तिची. तिच्या आईचंही तसंच होतं, हात दोनदा, गळ्याचं हाड एकदा. घराण्यात असतं एखाद्या.

५ एप्रिल, शनिवार

मुलीला हे हाडांचं बोललो. दूध जास्त पी म्हटलं.

तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आईची हाडं ठिसूळ नव्हती."

एवढंच. आवाज चढवला नाही. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मी उठून भट्टीकडे गेलो आणि भाता मारत बसलो. तापवायला काहीच नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

गळ्याचं हाड. ती सात वर्षांची होती. दाराआड उभी होती. तिला आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

११ एप्रिल, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

सकाळी जावई झोपेत असताना मी सातही घोड्यांचे जड नाल काढले. पट्ट्या कापल्या, जखमा धुतल्या. उद्या समिती येईल ती हेच बघेल, असं ठरवलं होतं. शेवटचा सब्जा. त्याचा पाय माझ्या मांडीवर होता तेव्हा जावई आला.

त्याने भट्टीवरची सांडशी उचलून माझ्या पाठीत घातली. मी पडलो. उजव्या हाताच्या बोटांवर त्याने टाच ठेवून पिळली, सिगारेट विझवतात तशी. तीन बोटं गेली. बरगड्यांत लाथा. मोजल्या नाहीत. सब्जा बांधलेला होता, भिंतीला चिकटून उभा, त्याने पाय हलवलासुद्धा नाही.

माझ्या डाव्या हाताला हातोडा लागला. तो लाथेसाठी पाय मागे घेत होता, मी दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर हातोडा मारला. वाटी फुटली. तो पडला. मी उठून बसलो आणि त्याच गुडघ्यावर दुसरा घाव घातला. तो आईला हाका मारायला लागला.

मला बरं वाटलं. हे लिहिलं पाहिजे. पोटातून ऊब वर आली, भूक लागलेली असताना जेवण समोर यावं तशी. ती ऊब माझ्या ओळखीची होती.

तिसऱ्या घावासाठी हातोडा उचलला तेव्हा मुलगी दारात दिसली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. ती नजर मी यापूर्वी एकदाच पाहिली आहे.

दोनच घाव घातले असं मी सगळ्यांना सांगणार. इथे खरं लिहितो. तिसरा घातला. ती बघत असताना घातला.

मालक काठी टेकत आले. काय झालं ते कण्हण्यावरून समजले असावेत. पोलीस आले तेव्हा तेच म्हणाले, "सब्ज्याने लाथ मारली. दोघांनाही." जावई स्ट्रेचरवरून म्हणाला, हो, लाथ. साठी उलटलेल्या सासऱ्याने गुडघा फोडला हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

पोलिसाने लिहून घेतलं आणि म्हणाला, आधीच्या नालबंदाचा जबडाही यानेच फोडला ना? दुसरी वेळ. असला घोडा ठेवता येत नाही. उद्या डॉक्टर येऊन सुई देईल.

सगळे गेल्यावर मुलगी एका हाताने माझ्या बोटांना फळ्या बांधत होती. म्हणाली, "त्या नालबंदाचा जबडाही सब्ज्याने नव्हता फोडला. त्याने पट्ट्या सोडून बघितल्या होत्या. मी तेव्हाही दारातच होते."

मग म्हणाली, "तुम्ही मारता, आणि भोगायला दुसरं कोणीतरी असतंच."

"तुम्ही" म्हणजे जावई आणि मी.

१२ एप्रिल, शनिवार

समितीची तीन माणसं आली, दोन बाया आणि एक पुरुष. जनावरांचा डॉक्टरही आला, सुई घेऊन. मालक खुर्चीत ताठ बसले होते. पहिला घोडा दाखवायचा आधीच डॉक्टर सब्ज्याकडे निघाला, म्हणाला, हे एकदा उरकून टाकू.

मी म्हटलं, "थांबा. लाथ नव्हती. माझा हातोडा होता. तीन घाव."

मालक म्हणाले, "नालबंद, गप्प बसा."

मी बसलो नाही. सब्ज्याला मैदानात आणलं आणि समितीतल्या म्हाताऱ्या बाईंना म्हटलं, याच्या मनगटाला हात लावा. त्यांनी लावला. सब्ज्याने मागचे गुडघे वाकवले, थरथरला, पण लाथ मारली नाही. बाईंनी हात बघितला, रक्त होतं. एकेक करून मी सातही आणले. जड नालांची चळत त्यांच्या पायाशी ठेवली. "हे मी घडवलेत," म्हटलं. "यांचंही लिहून घ्या."

मग मुलगी पुढे आली. दंड, पाठ, सगळं त्या बाईंना आत नेऊन दाखवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोलिसांना परत बोलवा. मला लिहून द्यायचंय. माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या वडिलांचंही. तिसरा घाव मी पाहिलाय, तेव्हा तो पडलेला होता."

समितीने नोंद केली नाही. जखमा भरल्याशिवाय आणि चाल नैसर्गिक आहे हे कळल्याशिवाय नाही, पुन्हा वर्षभराने बघू म्हणाले. डॉक्टर सुई बॅगेत घालून गेला.

मालक म्हणाले, "दोन वर्षं ती टाप उशिरा पडतेय. मला ऐकू येत होतं, नालबंद. नोंद होईपर्यंत चालू दे म्हटलं."

पोलीस दारात आलेत. वही मुलीकडे देऊन जातो. वाचायची असेल तर वाच म्हणून सांगतो.

९ डिसेंबर, मंगळवार

सात महिने तुरुंगात काढून गेल्या आठवड्यात सुटलो. भाड्याने एक खोली घेतली आहे, खाटेएवढीच. जावयाचा खटला चालू आहे. काठीवर चालतो म्हणतात.

आज तबेल्यात गेलो. मुलीने दार उघडलं. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. उजवा हात थोडा वाकडा जुळला आहे, पण त्याच हाताने तिने मला चहा दिला. तबेला तीच बघते. मालक खुर्चीत असतात. सातातले चार घोडे बरे झाले, दोघांच्या पायात कायमचा दोष राहिला, एक गेला. सब्जा चालतो, टाप अजून जड आहे त्याची.

खूर बघितले. तीन बोटं वळत नाहीत, पण कानस धरता येते. एका डोळ्याची कुमैत घोडी मला ओळखते. अंगाला घाम फुटला तिच्या. मी मुकाट्याने बाजूला झालो. तिचे खूर मुलीने कापले, मी लांबून सांगत गेलो.

काम संपल्यावर तिने ही वही आणून माझ्यासमोर ठेवली. वाचली होती.

"आईचं यात अर्धंच आहे," म्हणाली. "बाकीचं मला सांगा. सगळं. मी दाराआड नसायचे तेव्हाचंही."

मी सांगितलं. पलटणीतल्या पहिल्या घरापासून, आठवेल तसं, एकेक. काय कारण झालं ते सांगायला लागलो की ती म्हणे, "कारण नको." दुपार उलटली. तिने एकदाही मान खाली घातली नाही. घातली ती मी.

शेवटी मी म्हटलं, "इथेच भट्टीमागच्या खोलीत राहिलो तर? कामाला मदत होईल."

"नाही," ती म्हणाली. "दर सहा आठवड्यांनी या. खूर बघा, चहा घ्या आणि जा. राहायचं म्हणू नका."

मी बरं म्हटलं. ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, पानं उलटली, बोटाने आठवडे मोजले.

"वीस जानेवारी," म्हणाली. "सकाळी या. घोडे दुपारी बाहेर असतात."